साहेबांच्या हातचे गुच्छ

माझे साडू सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले आणि सोलापुरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आले. निवृत्तीनंतर माणसं गुडघे धरून बसतात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. यांनी फुलांचे गुच्छ करायला घेतले. खात्यातली सगळी माणसं त्यांना साहेब म्हणायची, म्हणून मीही म्हणतो.

पहिला गुच्छ मला मिळाला. मी शेतातल्या पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. दुकान नव्या जागेत हलवलं त्या दिवशी छोटी पूजा ठेवली होती. साहेब इस्त्रीच्या शर्टात आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुडी माझ्या हातात दिली. चार शेवंत्या, बोगनवेलीची एक डहाळी आणि भोवती मेंदीचा पाला.

"बाजारातलं नाही बरं का," ते म्हणाले. "स्वतःच्या हातानं केलंय. विकत घेतलेल्या वस्तूत जीव नसतो."

मी दिवसभर तांब्याची तार गुंडाळतो. वॉर्निशचा वास माझ्या बोटांतून आंघोळीनंही जात नाही. हातानं केलेल्या वस्तूचं मोल या माणसानं मला शिकवावं याचं मला हसू आलं, पण ते पाहुणे, म्हणून त्यांना प्रसाद दिला. उजनीकडचा एक शेतकरी जळकी मोटार घेऊन कोपऱ्यात बसला होता. साहेब गेल्यावर त्यानं जुडी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "शेळीला आणलंय का काय?"

मग ते थांबलेच नाहीत. भाचीला नोकरी लागली, गुच्छ. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, गुच्छ. लोक नारळपाणी आणत होते, पोळीभाजीचे डबे आणत होते, आणि हे तेरड्याची चार फुलं आणून उशाशी ठेवत आणि मायेवर बोलत. मी टाके सांभाळत ऐकून घ्यायचो. चिक्कू माणसं मी खूप पाहिली आहेत, धंद्यात रोजच भेटतात. पण चिक्कूपणाला माया म्हणणारा आणि वर शाबासकी मागणारा मी हा एकच पाहिला.

फुलं कुठून येतात हेही मला एका सकाळी कळलं. दूध आणायला निघालो होतो. मोठ्या रस्त्याच्या दुभाजकात महापालिकेनं कण्हेर आणि बोगनवेल लावली आहे. तिथं साहेब कात्री आणि पिशवी घेऊन उभे. मला बघून ते जरासुद्धा ओशाळले नाहीत.

"छाटणी करावी लागते," म्हणाले, "नाहीतर झाड वाढत नाही."

गेल्या हिवाळ्यात मेव्हण्याच्या मुलीचं लग्न नातेपुत्याला होतं. माझ्याच गाडीतून गेलो. साहेब पुढं माझ्याशेजारी, मागं माझी बायको आणि तिची थोरली बहीण. ही साहेबांची बायको, आम्ही त्यांना अक्का म्हणतो. साहेबांच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली शेवंती होती आणि खिशात रेशमी काठाची एक पट्टी. काठ अक्कांच्या जुन्या साडीचा होता. मागून त्या एवढंच म्हणाल्या, "मला विचारून कापला असता तर दुसरी साडी दिली असती." साहेबांनी काच खाली केली आणि वाऱ्याबद्दल काहीतरी बोलले.

नातेपुतं जवळ आलं तशी त्यांची नजर उसावर गेली. दोन्ही बाजूंना तुरे आले होते. उन्हात ते रुपेरी दिसतात, वाऱ्यावर डुलतात. ज्याचा ऊस नाही त्याला ते फार सुंदर वाटतात.

"थांबवा," साहेब म्हणाले. "गुच्छात उंची कमी पडतेय."

मी गाडी कडेला घेतली. माझं निम्मं गिऱ्हाईक उसवाल्यांचं आहे. तुरा आला की उसाची वाढ थांबते, मग तो आतून पोकळ होत जातो आणि वजनात मार खातो, हे मला ठाऊक होतं. कारखान्याची ऊसतोड टोळी वेळेवर न आल्याची ती खूण असते. मेव्हण्याच्या शेताची पट्टी याच अंगाला कुठंतरी आहे हेही मला ठाऊक होतं. तरी मी इंजिन बंद करून बसून राहिलो. साहेबांनी गाडीतल्या छत्रीच्या मुठीनं ऊस वाकवले, पाचसात तुरे मोडून घेतले, पँटला कुसळं लागली ती झटकली आणि गाडीत बसून शेवंतीभोवती तुरे बांधले. वरून अक्कांचा काठ गुंडाळला.

कार्यालयात अक्षता पडल्यावर लोक स्टेजवर चढायला लागले. कुणी पाकीट देत होतं, कुणी कुकर, आम्ही चादरींचा जोड नेला होता. साहेब चढले ते तलवार धरल्यासारखा गुच्छ पुढं करून. नवरीनं वाकून घेतला. शेजारी उभा असलेला तिचा बाप तुऱ्यांकडे बघत राहिला. फेट्याखाली त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण पोरीच्या लग्नात तो काय बोलणार.

बोलला तो जेवणाच्या पंगतीत, आग्रह करायला आला तेव्हा. साहेबांच्या पानात जिलेबी वाढली आणि शेजारी उकिडवा बसला.

"थोरलं दाजी, तुरं कुटनं आणलं म्हनायचं?"

"अरे, अलीकडेच. ओढ्याच्या पुलाच्या अलीकडं, डाव्या हाताला."

"चिंच हाय बांधावर?"

"हो, हो. चिंचेपाशीच."

"ती आपलीच पट्टी हाय," मेव्हणा शांतपणे म्हणाला. "दीड महिना झाला टोळीची वाट बघतोय. तुरा बघितला की मला जेवण जात न्हाय, आन् तुमी त्योच पोरीच्या हातात दिला."

मग पलीकडचा एक म्हातारा खुदकन हसला, आणि हसू पंगतभर गेलं. साहेबांना वाटलं, त्यांच्या कल्पकतेला दाद मिळतेय. जिलेबीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "म्हणजे बघा, मुलीला बापाच्या शेतातलीच भेट मिळाली. याहून मोठा आहेर कुठला?" मेव्हणा उठून पुढच्या पानाकडे गेला. मला मनापासून बरं वाटलं. आता हा माणूस सगळ्यांना कळला, असं मी समजलो.

तसं झालं नाही. फोटो काढणाऱ्यानं नवरीच्या हातातले गुलाबांचे गुच्छ बाजूला ठेवायला लावले आणि तुऱ्यांचा तेवढा ठेवला, कारण तो फोटोत उठून दिसत होता. दोन दिवसांत तो फोटो सासरच्या सगळ्या पोरींच्या स्टेटसवर. पंधरवड्यात करमाळ्याच्या एका पाहुण्यांचा साहेबांना फोन आला, आमच्याही लग्नाला गुच्छ करा म्हणून. बदल्यात जाण्यायेण्याची गाडी आणि शाल. साहेब आता विचारायला येणाऱ्यांना दोन दिवस थांबायला सांगतात.

आणि माझ्याच पोरीचा साखरपुडा ठरला तेव्हा बायको म्हणाली, "दाजींना गुच्छ करायला सांगते."

"दुकानातून आणू," मी म्हटलं.

"तुम्ही गप बसा. दाजींच्या गुच्छात माया असते."

फुलंही मीच मंडईतून आणली, कारण साहेब आता दुभाजकाच्या फुलांवर भागवत नाहीत. साखरपुड्याच्या सकाळी ते आमच्या बैठकीत खुर्चीवर बसले. अक्का खाली बसून देठांची पानं काढत होत्या, दोरा मापात तोडून वर देत होत्या, गाठीवर बोट धरत होत्या. दुपारपर्यंत घरातल्या प्रत्येक बाईसाठी एक छोटा गुच्छ तयार झाला. साहेबांनी तो एकेकीला नाव घेऊन दिला. माझ्या बायकोला दिला, विहीणबाईंसाठी वेगळा काढून ठेवला, समोरच्या घरातल्या काकूंनाही दिला. पोरी मोबाइल घेऊन पुढं झाल्या.

अक्का केरसुणी घेऊन खालचा पाला गोळा करत होत्या.

"साहेब," मी म्हटलं, "अक्कांचा कुठाय?"

"तिचा?" ते हसले. "तिला आवड नाही त्यातली."

अक्का वाकलेल्याच होत्या. केर सुपलीत घेत म्हणाल्या, "कवा विचारलं होतं?"

आवाज चढलेला नव्हता. पण पोरींनी मोबाइल खाली घेतले. साहेबांनी सगळ्यांकडे बघितलं आणि मान हलवली. "बघा, आता ह्या वयात बोलायला लागली," म्हणाले, आणि स्वतःच हसले. बाकी कुणी हसलं नाही. माझ्या बायकोनं आपला गुच्छ पदराआड धरला, कुठं ठेवावा ते तिला कळेना.

अक्का सुपली घेऊन मागच्या दारानं बाहेर गेल्या. साहेबांनी बोटं चोळली, खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, फार वेळ काम झालं, आता जरा चहा मिळाला तर बरं होईल.

चहा आला. अक्कांनीच केला होता. साहेबांनी बशीत ओतून फुरका मारला आणि साखर कमी आहे म्हणाले.