सोलकढीत सापडलेली फ्रेंच वाइन

लॉकडाऊनच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात सासरे रायस्वाइक या डच गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये अडकले. आले होते लेकीकडे चार दिवस राहायला. विमानं बंद झाली आणि परतीचं तिकीट नुसतंच फोनमध्ये राहिलं. माझं स्लोटरडाइकचं ऑफिसही जेवणाच्या टेबलावर आलं होतं. म्हणजे निर्व्यसनी जावई ही माझी लग्नापासूनची कीर्ती आता त्यांच्या नजरेखाली दिवसभर सांभाळायची होती.

अडचण एकच. शनिवारी संध्याकाळी मला दक्षिण फ्रान्सची तांबडी वाइन लागायची. ग्रनाश, सिरा आणि मूर्वेद्र या तीन द्राक्षांच्या वाइनींचं मिश्रण. महागडी नव्हे, सुपरमार्केटातलीच. पण बाटलीवर तो किल्ल्याचा छाप, लपवणार कुठे? शेवटी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, रत्नागिरीहून आणलेल्या कोकम आगळाची एक बाटली रिकामी झाली, ती मी धुतली आणि वाइन तिच्यात ओतून फ्रिजमध्ये मागे ठेवून दिली. रंगात रंग मिसळला. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की बायकोलाही सांगितलं नाही.

रविवारी बाबांनी सोलकढी केली.

पातेलं टेबलावर आलं. कढी गुलाबी नव्हती. दुधात शाईची दौत सांडावी तशी जांभळट होती. पुरावा नष्ट करायला मी माझी वाटी एका दमात रिकामी केली. नारळाचं दूध, लसूण, मिरची आणि ग्रनाश. डोळ्यांतून पाणी आलं.

"झकास झालीये, बाबा. अजून द्या."

दुसरी वाटी गेली. तिसरी मागितली.

"अहो, हावरटासारखं काय करताय?" बायको म्हणाली. "बाबांना तरी ठेवा!"

बाबांनी वाटी तोंडाला लावली. थांबले. उठून फ्रिजमधली बाटली आणली, झाकण उघडून वास घेतला. मी नजर कढीत बुडवली. कीर्ती संपली, हे मला कळलं होतं.

"जावईबापू, आहे का अजून?"

"यातच आहे. थोडी," मी पुटपुटलो.

त्यांनी फुलपात्रात ओतली आणि सावकाश चाखली. "आधी करवंदासारखी गोडसर लागते. मग मिऱ्यासारखी चुरचुरते. आणि मागून जरा नव्या कोल्हापुरी चपलेचा वास येतो." पुन्हा एक घोट घेतला. "बरी आहे की! पण इतकी गार का केलीत? बाहेर ठेवा."

"तुमच्यासमोर कशी ठेवणार, बाबा?"

"तुमचे वडील बैठकीत म्हणाले होते, आमचा मुलगा सुपारीचं खांडसुद्धा खात नाही. मला तेव्हापासून तुमच्याशी काय बोलावं तेच सुचत नव्हतं."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्यानंतर विमानं सुरू होईपर्यंत शनिवारी आम्ही दोघं बाल्कनीत बसायचो. बाटली उघडून तासभर तशीच ठेवायची, हा नियम त्यांनीच घातला. त्या तासात त्यांनी मला आपल्या नोकरीतल्या फजित्या सांगितल्या, मी माझ्या. माझ्या जास्त निघाल्या. खाली रस्ता रिकामा असायचा, ट्रामसुद्धा बिनमाणसांची जायची, आणि बाटलीतली वाइन हळूहळू मऊ होत जायची.

आता घरी कितीही माणसं बोलावता येतात. बाटलीही उघड्यावर असते. पण तासभर थांबायला कुणी तयार नसतं, आणि मीही कुणाला थांबा म्हणत नाही.