अकरा होकार आणि मी

नेपियर टाउनमधल्या ज्या बेकरीत मी पॅकिंग सांभाळते, तिचे मालक क्वेकर आहेत. म्हणजे ख्रिस्ती लोकांतला एक छोटा पंथ. पाद्री नाही, घंटा नाही, प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी मिळून गप्प बसणं. नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, बरा धर्म आहे, घसा तरी बसत नाही.

मालकांना आम्ही सगळे भाईसाहब म्हणतो; आमच्या शहरात सगळं बोलणं हिंदीतच. नफ्यातला मोठा वाटा ते गरजू बायकांसाठी खर्च करतात. तुरुंगातून सुटलेल्यांना काम देतात, भट्टीवरच्या मुलींची शिकवणी चालवतात. दारूच्या पार्टीचा केक मात्र कितीही मोठा साहेब आला तरी करून देत नाहीत.

बेकरीतला कुठलाही मोठा निर्णय शनिवारी दुपारी होतो. आम्ही बारा जण मैद्याच्या पोत्यांजवळ बसतो. आधी शांतता, मग बोलणं. हात वर करून मतं मोजायची नाहीत. एकाचंही मन तयार नसेल तर काम थांबतं, मग ते खुद्द मालकांच्या मनातलं का असेना.

गेल्या वर्षी एका बाईचा विषय निघाला. नवऱ्याच्या खुनाची शिक्षा भोगून ती सुटली होती आणि एका संस्थेच्या आसऱ्याला राहत होती. गावाकडे भाऊ होता, पण त्याच्याकडे तिला काही केल्या जायचं नव्हतं. भाईसाहबांना तिला माझ्या हाताखाली घ्यायचं होतं. अकरा जण हो म्हणाले. मी नाही म्हणाले.

कारण सांगितलं ते असं, की माझ्याकडे तरुण मुली आहेत, त्यांच्या घरचे काय म्हणतील. खरं कारण आज सांगते. मदन महल भागातल्या आमच्या घरात पडद्याचा रंगसुद्धा कधी मला विचारून ठरला नाही. मी तोंड उघडलं की आमचे हे म्हणणार, "तू काहून मधात बोलून राहिली?" आणि इथे माझ्या एका 'नाही'ने अख्खी बेकरी थांबली होती! फार गोड लागलं मला ते. पुढच्या शनिवारीही मी नाही म्हणाले, त्याच्या पुढच्याही. भाईसाहबांनी वाद घातला नाही. "ठीक है बहनजी, और रुकते हैं," एवढंच म्हणायचे.

चौथ्या शनिवारी त्या शांततेत माझी मलाच लाज वाटली. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, असं चाललं होतं माझं. मी म्हणाले, "आने दीजिए उनको."

भाईसाहब म्हणाले, "वो तो मंगल को चली गईं. आसरे की मुद्दत पूरी हो गई थी. भाई आकर ले गए."

मी भडकलेच. "मुद्दत की बात मुझे काहे नहीं बताई?"

"बता देता तो हाँ आपकी नहीं होती, मेरी होती."

"तो होने देते!"

इतक्या भल्या माणसाचा मला तेव्हा मनापासून राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

भावाचा नंबर त्यांच्याकडे होता. मी तो तिथेच लावायला लावला. बऱ्याच वेळाने ती फोनवर आली. मी कोण ते सांगितलं, नकार माझाच होता हेही सांगितलं आणि परत या म्हणून विनवलं.

"अब भैया नहीं आने देंगे, दीदी," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "बस आप अकेली थीं? और बाकी लोग?"

"बाकी सबने हाँ कहा था."

"अच्छा! मुझे तो लगा, सबने मना कर दिया."

तिचा आवाज चक्क उजळला होता. "सबको नमस्ते कहिएगा," म्हणत तिने फोन ठेवला. माझ्यावर रागवायचं तिला सुचलंही नाही.