मानमोडी माझ्याच अंगणातली

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती गेली, पण हे तिच्या कानावर पडलं नाही. पोराला सांगितलं नाही. देवाला म्हणशील, तर देवाशी माझं तेवढं बोलणं नाही. तुला सांगतो, कारण तू माझ्या गल्लीतला नाहीस. ऐकायचं असेल तर ऐक, नाहीतर ऊठ. पण मधेच "जाऊ द्या आबा, होतं असं" म्हणू नकोस. त्या "होतं असं"नं माझं डोकं फिरतं. काही होत नाही आपोआप. कोणीतरी करतं, तेव्हा होतं.

तिसरीतून शाळा सोडली मी. बोलणं माझं कोंबडीनं उकरल्यासारखं, तेव्हा मोडकंतोडकं आहे ते चालवून घे.

शिरपूरच्या वर, डोंगराकडे आमचं गाव. शेतात कापूस, आणि आमच्या गल्लीत प्रत्येक अंगणात कोंबड्या. गावरान. पोल्ट्रीतल्या त्या पांढऱ्या भित्र्या कोंबड्या नाहीत — माझी कोंबडी झाडावर झोपते आणि कुत्र्याच्या अंगावर जाते. गोटू नावाचं एक पोरगं आहे, त्यानं मोबाईलवर आमच्या कोंबडीवाल्यांचा ग्रुप काढला. कोणाची कोंबडी उबवायला खुडूक बसली, कोणाकडे पिल्लं निघाली, कोणाचा कोंबडा मुंगसानं नेला — बठ्ठं त्यावर. सकाळी उठावं तर आधी पिल्लांचे फोटो. मला लिहिता येत नाही झटपट, म्हणून मी बोलून पाठवायचो. एकदा माझ्या बोलण्यात मागून कोंबडाच आरवत राहिला, तर भिका म्हणाला, "आबा, तुमनापेक्षा तुमना कोंबडा साफ बोलस!" हसले सगळे. मीही हसलो. पण काही अडलं तर विचारायचे मलाच. "आबाले विचारा." हे दोन शब्द मला तमाखूपेक्षा गोड लागायचे. लागायचे म्हणजे — अजून लागतात. खोटं कशाला बोलू?

फक्त एका कामाला मला कोणी बोलवायचं नाही. अंडी बसवायला.

आमच्याकडे खुडूक कोंबडीखाली अंडी कोणीही ठेवत नाही. ज्याच्या हाताला गुण, त्याला बोलवायचं. टोपल्यात भुसा, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून कोळसा आणि लोखंडाचा खिळा, आणि मग एकेक अंडं त्या हातानं ठेवायचं. गल्लीत तो हात एकच — विमलअक्काचा. माझ्यापेक्षा लहान आहे ती, पण गाव अक्का म्हणतं म्हणून मीही म्हणतो. समोरच घर. नवरा तरुणपणीच गेला, पोरगी सुरतेला दिलेली. शेत नाही, कापूस वेचायला जायची आणि कोंबड्यांवर बाकीचं भागवायची. तिनं बसवलेली अंडी सहसा वाया जायची नाहीत. लोक तिला साडी-चोळी करायचे नाहीत, पण चहा द्यायचे, पाट द्यायचे, पिल्लं निघाली की पहिलं पिल्लू तिच्या हातावर ठेवायचे. विधवा बाईला कुठल्या कामात पुढे बोलावतात सांग ना? हळदीला नाही, ओटी भरायला नाही. या एका कामाला बोलवायचे.

आणि मला ते खुपायचं. हो. पंचाहत्तरीतला बाप्या मी, एका बाईच्या चहाच्या कपावर जळायचो.

बरं, पुढे ऐक.

एका वर्षी जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई गल्लीत आली. कोंबड्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब टाकून घ्या म्हणाली, मानमोडीची साथ फिरतेय. मानमोडी तुला माहीत नसेल. कोंबडी हिरवं पाणी हगते, पंख सोडते, मग मान अशी पिरगळते की आभाळाकडे बघत गोल गोल फिरते आणि मरते. एक लागली की अंगण साफ. बाई चांगलं सांगत होती. मी काय म्हणालो? "गावरान कोंबडीले थेंब? मंग सकाय तिले चष्मा बी लावा!" ग्रुपवर तेच बोलून पाठवलं. भिका हसला, गोटू हसला, गल्ली हसली. बाईच्या पेटीतले थेंब पेटीतच राहिले. अक्का टाकून घेणार होती, कोंबडी काखेत घेऊन उभीही होती. मी म्हणालो, "अक्का, तुना हातले गुण शे ना? मंग थेंब कशाले?" ती लाजली आणि घरात गेली.

आता मला सांग — अक्काला मी जितेपणी तेव्हाच मारलं की नंतर? मला अजून ठरवता येत नाही.

कापूस वेचणी लागली तेव्हा माझी एकही कोंबडी खुडूक होत नव्हती आणि अंडी मात्र साठलेली. अक्काची कोंबडी खुडूक होती. आमची रीत अशी — कोंबडी एकाची, अंडी दुसऱ्याची, पिल्लं निम्मी निम्मी, आणि वाटणी झाली की कोंबडी आपली पिल्लं घेऊन मालकाच्या घरी. अक्कानं कोंबडी माझ्याकडे आणून दिली, आपल्या हातानं अंडी बसवली आणि गेली. तीन आठवड्यांनी पिल्लं निघाली. सुरेख. पिवळी, तपकिरी, एक काळंभोर. फोटो गेला. लोकांनी लिहिलं, अक्काना हात तो अक्काना हात. माझ्या अंड्यांचं नाव कोणी काढलं नाही.

आणि त्याच आठवड्यात माझी एक तलंग, नुकती अंड्यावर आलेली, मान वाकडी करून फिरायला लागली.

मी ओळखलं. न ओळखायला काय झालं? आयुष्य गेलं कोंबड्यांत. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग कोंबडा. घरचे वेचणीला गेलेले, गल्ली ओस, भर दुपारी मी उकिरड्यात खड्डा केला आणि पुरल्या. वरून शेण ओढलं. सुनेला सांगितलं, व्यापारी आला होता, देऊन टाकल्या. सून म्हणाली, "कोंबडा बी दिधा? तो ते तुमना जीव व्हता." मी म्हणालो, माझा कोंबडा, मी बघीन.

ग्रुपवर सांगायला काय लागत होतं? एक बोट दाबायचं आणि बोलायचं — भावांनो, माझ्याकडे मानमोडी आली, कोंबड्या कोंडा, माझ्या अंगणात पाय ठेवू नका, डॉक्टरीणबाईला बोलवा. एवढंच. मोबाईल हातात धरूनही पाहिला. पण डोळ्यासमोर काय आलं? चष्मा. भिका म्हणणार, "आबा, कोंबडीले चष्मा लावा आते!" तेवढ्यासाठी, भाऊ. एका पोराच्या हसण्यासाठी.

इथपर्यंत ऐकून तू म्हणशील, म्हातारा भ्याला, लपवलं, चुकलं. थांब. हे तर काहीच नाही. भित्रेपणाची माणूस कीव तरी करतो.

अक्का कोंबडी न्यायला आली. वाटणीचा दिवस. मी तिला दारातून परत पाठवू शकत होतो. उद्या ये म्हणायचं, परवा ये म्हणायचं. तिची कोंबडी अजून ठीक दिसत होती, पण पिल्लांमधलं काळंभोर डोळे मिटून उभं राहायला लागलं होतं. मला कळत होतं, ही वाचत नाहीत. आणि माझ्या मनात काय आलं, ते नीट ऐक, कारण हे मी पहिल्यांदा बोलतोय. मनात आलं — इथं मेली तर माझ्या अंगणात मेली म्हणतील. तिच्याकडे मरू देत.

मी म्हणालो, "अक्का, बठ्ठी लई जाय."

"बठ्ठी? निम्मी तुमनी ना आबा?"

"मी म्हणस ना, लई जाय. तुना हातनी पिल्लं, तुलेच शोभतीन."

तिचे डोळे भरून आले रे. पदरानं पुसले आणि म्हणाली, "देव तुमनं भलं करो." डालग्यात कोंबडी, पदरात पिल्लं, आणि ते काळंभोर तिनं छातीशी धरलेलं, ऊब लागावी म्हणून. तिनंच गोटूला सांगितलं. गोटूनं ग्रुपवर टाकलं, आबांनी आपला वाटाही अक्काला दिला. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. "आबा म्हणजे आबा." मी खाटेवर बसून बघत होतो. लाज वाटली का? नाही वाटली. सुटलो, असं वाटलं.

चार दिवसांत तिची पिल्लं गेली. मग ती कोंबडी. मग बाकीच्या. तोवर ती इतर दोन घरी अंडी बसवून आलेली. त्या घरच्याही मेल्या. मग भिकाचं अंगण गेलं, मग गोटूच्या आईचं. ग्रुपवर रोज मेलेल्या कोंबड्या. बाया रडून बोलून पाठवायच्या — कोंबडी म्हणजे बाईच्या हातचा पैसा, तुला काय सांगू. सगळे एकच विचारत होते, आलं कुठून?

तेव्हा मी बोललो. खोटंही बोललो नाही, बघ माझी हुशारी. फक्त विचारलं, "बाजारमाईन कोंबडी कोनी आनी व्हती, ते देखा." बस. अक्कानं महिन्याभरापूर्वी शिरपूरच्या बाजारातून एक तुर्रेवाली कोंबडी आणली होती. तिचा फोटो ग्रुपवर होताच. ती धडधाकट होती, सगळ्यांत शेवटी मेली. पण हे कोण बघतं? मी नाव घेतलं नाही. नाव गल्लीनं घेतलं. आणि मग कोणीतरी पुढचं जोडलं — जिथं जिथं अक्कानं अंडी बसवली, तिथं तिथं मर लागली. हातच फिरला तिचा.

मला राग येतो त्या लोकांचा. खरंच येतो. वर्षानुवर्षं जिचा हात मागितला, तिच्याकडे बघताना एका दिवसात तोंडं वाकडी! एकानंही विचारलं नाही, की आबांचं अंगण आधी कसं रिकामं झालं? आबांचा कोंबडा आरवत का नाही? कानाला दडे बसले होते का तुमच्या? पण मग तोच राग फिरून माझ्याकडे येतो, आणि येऊन बसतो, आणि उठत नाही. ते मूर्ख होते. मी मूर्ख नव्हतो.

संक्रांत गेली, त्यानंतरची गोष्ट. अक्का माझ्या ओट्यापाशी आली. वर चढली नाही. खालीच उभी राहिली आणि विचारलं, "आबा, तुम्हले बठ्ठं समजस. मना हातलेच काही लागनं का हो? खरं सांगा. मी राग नही धरावू."

राग धरणार नाही म्हणाली. मला!

कोणी नव्हतं गल्लीत. तिला एकटीला तरी सांगता आलं असतं. ती कोणाला बोलली नसती, तिचा स्वभाव मला माहीत आहे. मी तमाखू मळत होतो. मान वर न करता म्हणालो,

"राहस एखादाना हात तसा. तू आते कोंबड्या ठेवूच नको."

ती "बरं" म्हणाली. आणि गेली.

ही माझी गोष्ट. मानमोडी नाही, ती रोग आहे. लपवणंही नाही. हे. तिनं स्वतःचा हात माझ्यासमोर धरला, आणि मी तिला तिच्याच हाताची भीती घातली. त्यानंतर तिनं कोंबडी पाळली नाही. कापूस वेचते, अजून. पोरगी सुरतेला बोलावते, जात नाही.

आता गल्लीत सगळे थेंब टाकून घेतात. मीही घेतो. डॉक्टरीणबाई आली की मला खुर्ची देतात.

गेल्या महिन्यात आमची कोंबडी खुडूक बसली. सून नव्या मनाची आहे, तिचा या हातगुणावर विश्वास नाही, पण अक्काला बरं वाटेल म्हणून गेली समोर. मी अंगणातच होतो, सगळं ऐकू येत होतं.

"अक्का, खुडूक बसनी शे. अंडा ठेवाले या ना."

"नको वं माय. मना हात नको."

"काही नही होत, या ना."

"नको म्हनी ना. तुमनं चांगलं अंगन शे. आबाले सांग, आबा ठेवतीन."

सून परत आली आणि अंड्यांची परडी माझ्यापुढे ठेवली. मी ठेवली. एकेक करून, कोळसा, खिळा, सगळं रीतीनं. परवा पिल्लं निघाली. एकही अंडं वाया गेलं नाही.

सुनेनं फोटो टाकला. भिकानं लिहिलं, आबांच्या हाताला गुण आहे. खाली लोकांनी हात जोडले. मी ते सुनेकडून दोनदा वाचून घेतलं.