मशीन थांबलं की

पावाच्या भट्टीच्या वरच्या खोलीत टाचणीबाईंचा शिवणक्लास होता. तोंडात सदा दोन-चार टाचण्या धरलेल्या, आणि टाचण्या काढल्या की बोलणंही तसंच टोचणारं, म्हणून हे नाव. पोरी ते बाईंच्या पाठीमागे घेत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. सगळी पायमशिनं एकदम चालू झाली की खालचा भट्टीवाला म्हणायचा, "बाई, माझा पाव तुमच्या तालावर फुगतो."

आज ती खोली नाही आणि बाईंचे गुडघेही आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. पण भाजत्या पावाचा वास कुठेही आला की ते दिवस जसेच्या तसे त्यांच्यासमोर येतात, आणि त्यात मुकी येतेच.

त्याचं असं झालं. घरात छळ होत असेल तर कायदा काय देतो, हे सांगत एक वकीलबाई वस्त्यावस्त्यांत सभा घेत फिरायच्या. सभेला काळं कुत्रं येत नव्हतं. असल्या सभेला निघाले म्हणून कोणती सून घरी सांगणार? टाचणीबाई म्हणाल्या, "माझ्याकडे या. शिवायला यायला कुणी कुणाला अडवत नाही. फक्त माझ्या पोरींचा पाय थांबवायचा नाही. मशीन थांबलं की सुनांवर नजर ठेवायला पायरीवर बसलेल्या सासवांचे कान टवकारतात."

मग काय, वकीलबाई खडखडाटात घसा ताणून कायदा शिकवू लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुणाला घरी मारतात का?"

"छे हो, मारत नाहीत," दारापाशी बसलेली म्हणाली. "हात उचलतात कधीमधी, इतकंच."

"आमचे तापट आहेत जरा," दुसरीने सांगितलं.

टाचणीबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "आणि तो उचललेला हात मग कुठे ठेवतात?"

खोलीभर हसू पिकलं. एकीचं हसू मात्र अर्ध्यावरच विरलं. त्या दिवसापासून वकीलबाईंनी तो प्रश्नच सोडून दिला. हात उचलणं, उपाशी ठेवणं, माहेरी जाऊ न देणं, पोरांना तोडू म्हणून धाक घालणं, यातलं काय काय कायद्याला छळ वाटतं ते त्या सांगत गेल्या. बायका टीप मारत ऐकायच्या, पण स्वतःचं विचारायला तोंड कुणी उघडेना. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेवटी टाचणीबाईंनीच तोड काढली. जिला विचारायचंय तिने नुसता पाय थांबवायचा. बाकीच्यांनी असा जोर लावायचा की खाली काही कळता कामा नये.

मुकी कोपऱ्यातल्या मशीनवर बसायची. मुकी नव्हती, पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. एका दुपारी तिचं मशीन थांबलं. कुणी मान वर केली नाही. सगळ्यांनी असे पाय हाणले की भिंतीवरची कात्री हलायला लागली.

"घर सासऱ्यांच्या नावावर आहे," मुकी म्हणाली. "मला बाहेर काढणार म्हणतात. पोरगी ठेवून घेणार."

"घर कुणाच्या का नावावर असेना," वकीलबाई तिच्या कानाशी वाकल्या. "तू तिथे नांदतेस. कोर्टाच्या हुकमाशिवाय तुला कुणी काढू शकत नाही. आणि अंगाला हात लावायचा नाही, असाही हुकूम नवऱ्यावर मागता येतो."

अर्ज झाला. वकीलबाईंना कायद्याची भीती नव्हती. टाचणीबाईंना मुकीच्या जिभेची होती. ही कोर्टात 'मारत नाहीत' म्हणाली की संपलं, पोरगी हातची गेली. काजं करता करता बाईंनी तिला पढवलं. "माप घेताना आपण 'बाई जाड आहे' असं म्हणतो का? खांदा किती, बाही किती, ते सांगतो. तसंच सांगायचं. कुठे, कशाने, कुणासमोर."

कोर्टात टाचणीबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. जजसाहेबांनी विचारलं, "नवरा मारतो का?"

"मारत नाहीत," मुकी म्हणाली.

वकीलबाईंनी डोळे मिटले. मग मुकीने बाही वर सारली आणि माप दाखवावं तसं खांद्यावर बोट टेकवलं. "इथे. पट्ट्याच्या बकलाने. मुलीसमोर." बोट खाली सरकलं. "इथे. दाराच्या कडीने. सासूबाईंसमोर."

हुकूम मिळाला. मुकी पोरीला घेऊन त्याच घरात राहिली, ताठ मानेने. सासू पायरीवर येऊन बसायची, तीही थांबली.

परवा मुकी बाईंना आपला क्लास दाखवायला घेऊन गेली. बाईंचीच जुनी मशिनं तिथे ओळीने मांडलेली. मुकीचं तोंड तर आता क्षणभर बंद राहत नाही. दोरा कसा महागला, पोरगी कशी उलट उत्तरं देते, सगळं एका दमात चाललं होतं. बाईंना फार बरं वाटलं. आपल्या वेळचं ते सगळं सरलं एकदाचं, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात खिडकीजवळचं एक मशीन थांबलं.

कुणी मान वर केली नाही. बाकीची मशिनं तेवढी जोरात चालू लागली. मुकीने बोलणं अर्ध्यावर सोडलं, कात्री खाली ठेवली आणि खिडकीकडे गेली.

टाचणीबाईंचे डोळे भरून आले. खुर्चीखाली मात्र त्यांचा दुखरा पाय केव्हाच चालू झाला होता.