उजव्या टोकाचा माणूस

शेवटची पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या एका चौकीवर होती. चौकीचं नाव लिहीत नाही. आम्ही बारा जण होतो आणि मी तिथला हवालदार. वर चढायच्या आधी बेस कॅम्पला आमचा ग्रुप फोटो काढला. सुभेदारसाहेबांनी नेहमीची ऑर्डर दिली, "लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाइन!" सगळ्यात उंच माणूस उजव्या टोकाला, सगळ्यात बुटका डाव्या. उजवीकडे लान्स नाईक पास्कल, डावीकडे मी. आमच्यामध्ये दहा जण.

पास्कल उत्तनचा, कोळ्याचा मुलगा. मी भाईंदरचा, नवघरचा. रेजिमेंटमध्ये आम्हाला सगळे "दो बंबईवाले" म्हणायचे. मुंबई आमच्या गावांच्या पलीकडे आहे हे सांगून दोघंही थकलो होतो. त्याच्या घरून सुक्या बोंबलांचं पार्सल आलं की बराकीतले उत्तरेकडचे जवान नाकाला रुमाल लावायचे, आणि आम्ही दोघं मुद्दाम त्यांच्याच शेजारी बसून खायचो.

चौकीवरचं रुटीन सोपं होतं. पहारा, बर्फ उपसणं, रेडिओवर रिपोर्ट, जेवण, झोप. बंकरमध्ये रॉकेलची शेगडी जळायची. तिचा धूर जायला छतातून एक पाइप काढलेला होता. त्याच्यावर बर्फ साचू द्यायचा नाही, ही स्टँडिंग ऑर्डर. शेगडीतून निघणाऱ्या एका विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. पाइप साफ करायची पाळी लावलेली असायची आणि ती कोणी चुकवली नाही.

त्या दिवशी सकाळपासून वादळ होतं. दुपारी मी आणि पास्कल पहाऱ्यावरून येऊन आमच्या छोट्या बंकरमध्ये पडलो. पाइप येतानाच साफ केला होता. तो लांबलचक, म्हणून आतल्या भिंतीलगतची झोपायची मोठी फळी त्याची. माझी आखूड फळी दाराशी, फटीतून वारा येणारी. त्या जागेवरून मी रोज कुरकुर करायचो.

पुढचं मला आठवत नाही. रेडिओवर जे झालं ते ऑपरेटरने नंतर सांगितलं.

"सुर्वे, रिपोर्ट. ओव्हर."

"सब ठीक है. ओव्हर."

"तेरी आवाज़ को क्या हुआ? ओव्हर."

"सब ठीक है."

तिसऱ्यांदाही मी तेच म्हणालो, आणि ओव्हर म्हणायला विसरलो. ऑपरेटर शहाणा. त्याने शेजारच्या बंकरमधल्यांना पळवलं. वाऱ्याने बर्फ असा लोटला होता की पाइप गाडला गेला होता. त्यांनी आम्हाला बाहेर ओढलं. मी श्वास घेत होतो. पास्कल घेत नव्हता.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आलो तेव्हा खाटेशी एक बाई बसली होती. मी तिला नमस्कार केला. ती म्हणाली, "अहो, असं काय करता?" आवाज सुनंदाचा, माझ्या बायकोचा. तिचे डोळे, नाक, कुंकू मला स्वच्छ दिसत होतं. पण त्या सगळ्याचा मिळून चेहरा होत नव्हता. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा जो भाग माणसं ओळखतो त्याला इजा झाली आहे. डोळे ठणठणीत आहेत. मेडिकल बोर्डाने मला घरी पाठवलं.

मग भाईंदरच्याच इंद्रलोक भागातल्या एका सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी धरली. माणसं ओळखता न येणारा माणूस गेटवर! सुनंदा कपाळाला हात लावायची. पण तिथे माझं छान चाललं. मी प्रत्येकाला रोज नाव आणि फ्लॅट विचारायचो. "अंकल, चार साल से रह रहे हैं, अब तो पहचानो," अशी बोंब व्हायची. सेक्रेटरी मात्र खूश. सुर्वेसाहेब म्हणजे मिलिटरी डिसिप्लिन. कुणाला काही सांगितलं नाही. घराबाहेर हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

हळूहळू मी माणसं चालीवरून, आवाजावरून, खोकल्यावरून ओळखायला लागलो. त्यातून एक वेगळाच त्रास सुरू झाला. नवघर रोडवर एखादा उंच माणूस खांद्यातून किंचित वाकून चालत जाताना दिसायचा आणि मी जागीच थबकायचो. पास्कल! तुम्हाला असा भास झाला तर पुढच्या क्षणी चेहरा दिसतो आणि कळतं की हा तो नव्हे. मला ते सांगणारा चेहराच नव्हता. मी मागे मागे जायचो. तो माणूस भाजीवाल्याशी बोलला की सुटका व्हायची. आणि तो गप्प राहिला तर पास्कल जिवंतच राहायचा, पार वळणापर्यंत. मी घरी येऊन जेवायचो नाही. त्याचा चेहरा आठवायचा म्हटलं तरी डोळे मिटून नुसता अंधार दिसायचा, आणि या गोष्टीची मला फार भीती वाटायची.

अशात पास्कलच्या भाच्याचा, रॉनीचा, फोन आला. तो कुवेतला वाढलेला, आता इकडे नोकरीला लागला होता. मामाला त्याने धड पाहिलंही नव्हतं. कबरीवरच्या क्रूसावर चिनीमातीची फोटोची प्लेट बसवायची होती. मृतांच्या दिवशी सगळं गाव मेणबत्त्या घेऊन येतं, तेव्हा आपल्या पोराचा फोटो तिथे हवा, अशी आजीची इच्छा होती.

"अंकल, युनिफॉर्ममधला तो एकच ग्रुप फोटो आहे. सगळे दाढी-टोपीवाले. मामा कोणता?"

"लाइनच्या उजव्या टोकाचा," मी म्हणालो. "अगदी शेवटचा."

प्लेट आली तेव्हा पास्कलच्या आईने मला बोलावून घेतलं. साखरेच्या आजाराने तिची नजर गेली होती. फक्त उजेड आणि सावली कळायची. मी तिला मावशी म्हणतो. ओसरीवर तिने कागदात गुंडाळलेली प्लेट माझ्या हातात दिली.

"आजून कोनाला दाखवली न्हाय. तू त्याच्यासंगती होतास. आधी तू बघ. माजाच हाय ना?"

हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण तिच्यासमोर खोटं बोलायला जीभ वळेना.

"मावशी, मला चेहरे ओळखता येत नाहीत. त्या दिवसापासून."

तिने प्लेटवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "दिसतंय ना पन? मंग काय दिसतंय ते सांग. मी वळखते."

मी सांगू लागलो. दाढी. जाड नाक. डावी भुवई मधोमध तुटलेली, तिथे जुना व्रण.

"माज्या पोराची भुवय तुटकी नव्हती."

ती सरकत माझ्याजवळ आली. तिची बोटं माझ्या कपाळावरून उतरली आणि डाव्या भुवईवर थांबली.

"आरं, हा तर तू हायेस."

मी पुन्हा प्लेटकडे पाहिलं. खाली पास्कलचं नाव होतं आणि वर कोणीतरी परका माणूस. तो मी आहे हे कळल्यावरही परकाच राहिला. मी जवानाचं उजवं सांगितलं होतं, आणि रॉनीने फोटो समोर धरून स्वतःच्या उजव्या हाताचं टोक घेतलं होतं. नुसता चेहरा कापल्यावर उंची कशी कळणार! मला रडू आवरेना. त्याच्या कबरीवर मी लागणार होतो.

मावशीने रॉनीला हाक मारून भिंतीवरचा ग्रुप फोटो उतरवायला लावला. "आता दुसऱ्या टोकाचा सांग."

"कपाळ मोठं. डोळे बारीक. कान बाहेर आलेले."

"आन तोंड?"

"हसतोय, मावशी. सगळे गंभीर आहेत. हा एकटाच हसतोय. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलाय."

"हाच," ती म्हणाली. "हाच माजा पास्कू."

मी त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिलो. चेहरा काही जुळला नाही. पण बेस कॅम्पवरची ती सकाळ कानात आली. सुभेदारसाहेब ओरडत होते, "पास्कल, दाँत बंद!" आणि लाइनच्या पलीकडच्या टोकाकडून त्याचं हसणं येत होतं, आधी दाबलेलं, मग खो खो सुटलेलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. मावशीला म्हटलं, "थांबा, तो कसा हसत होता ते सांगतो."