सुभानरावांचं दीड मिनिट

रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं घण मारून निवृत्त झालेल्या सुभानराव जाधवांची कानडी मुलखातल्या हिनकलच्या घरात एकच मागणी होती: अंतराळयानांच्या त्या मालिकेचं सुरुवातीचं दीड मिनिटाचं संगीत पूर्ण ऐकू द्या. मालिका नऊ वर्षं चालली. कथा त्यांना कधीच कळली नाही, पण वाद्यवृंदात कोण राबतंय आणि कोण अंग चोरतंय, ते बिनचूक कळे.

घरची मंडळी मोठी रसिक. मैफलीत मृदंगवाला एकटा वाजवू लागला की कॉफीला उठणारी. नात चैत्रा तर बटण दाबून संगीतच उडवायची.

"अय्यो अज्जा, कथा बघायची ना!"

"बघ की. चाळीस माणसांनी घाम गाळला, पण दमतो तुझा अंगठा."

शेवटच्या भागाला सुभानराव रिमोट मांडीखाली घेऊनच बसले. दीड मिनिट सगळ्यांनी शिक्षा भोगल्यासारखं ऐकलं. अखेरीस कप्तानाचं यान एकटंच अंधारात निघालं आणि सगळी वाद्यं थांबली.

"आवाज गेला वाटतं," म्हणत मुलगा प्रमोद वायर हलवायला उठला.

"बस खाली! नऊ वर्षं वाजवून आता थांबलेत ते. घण कधी मारायचा नाही, हे शिकायला मला दहा वर्षं लागली."

प्रमोद बसला. बऱ्याच वेळाने एकच व्हायोलिन उमटलं. चैत्राने डोळे पुसले.

"अज्जा, हे कोण वाजवतंय?"

"नावं येतायत. वाच."

ती पडद्याजवळ जाऊन एकेक नाव मोठ्याने वाचू लागली.