राजापूरला, उन्हाळ्यात

देवावर माझा राग होता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. रागवायला आधी ओळख लागते, आणि आमची ओळख जेमतेम. पालीचा खंडोबा आमचं कुलदैवत. जत्रेला जायचं, भंडारा उधळायचा, घसा बसेस्तोवर येळकोट करायचा आणि घरी येऊन पुरणपोळीवर ताव मारायचा, एवढाच माझा परमार्थ. बाकी देवाधर्माचं सगळं सुमनकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे. मी मिलिटरीत ड्रायव्हर होतो. उंब्रजजवळच्या आमच्या गावात ऊस, म्हशी, माझी आई हे सगळं ती एकटी ओढायची आणि तरी संध्याकाळी दिव्यापुढे बसायला तिला वेळ सापडायचा. सुट्टीवर आलो की मी चेष्टा करायचो, "काय म्हणतोय तुझा देव? माझा पगार वाढवतोय का?" ती वात सारखी करत म्हणायची, "तुमी सुखरूप घरी आला, त्यो पगार न्हवं व्हय?" मी म्हशींना वैरण टाकायला निघून जायचो.

मी पेन्शनवर घरी आलो आणि आता जरा बरोबर राहू म्हणेपर्यंत तिचं दुखणं निघालं. आधी कंबर, मग पाठ. शेवटी कॅन्सर हाडात उतरलाय असं कळलं. कराडच्या दवाखान्यात आम्ही खेटे घातले. ऐन दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "आता घरी न्या. हवं-नको बघा. शिमगा दिसणं अवघड आहे." मी आयुष्यभर पहाडातल्या रस्त्यांवर गाडी चालवलेला माणूस, पण त्या दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर भिंत धरून चाललो. आत गेलो तर सुमननं विचारलं, "काय म्हणालं डाक्टर?" मी म्हणालो, "गोळ्या बदलल्यात. बरं वाटंल." तेव्हापासून डॉक्टरांचं ते एक वाक्य मी छातीवर धोंड्यासारखं घेऊन फिरत होतो. तिला सांगायचं धाडस झालं नाही. सांगितलं तर ती जाईल आणि सांगितलं नाही तर राहील, असं काहीतरी खुळं माझ्या मनानं धरलं होतं. तिनं कधी जाण्याबद्दल तोंडातून शब्द काढला तर मी तिला अर्ध्यातच तोडायचो, "गप बस. मी हाय न्हवं? कुठं जातीस?"

सामान बांधताना शेजारच्या खाटेवरची म्हातारी जवळ आली. ती राजापूरकडची, लेकाबरोबर आली होती. सुमनच्या पाठीवर हात फिरवत मला म्हणाली, "राजापूरला, उन्हाळ्यात एकदा आंघोळ घाला हिला. अंगाचा ठणका जातो." राजापूरची गंगा मी ऐकून होतो. कोरड्या डोंगरावर एकाएकी कुंडं भरतात, लोक धावत नाहायला जातात आणि मनात येईल तेव्हा ती निघून जाते. माझा विश्वास नव्हता. पण बुडत्याला काडीचा आधार. मी सुमनला म्हणालो, "ऐकलंस? उन्हाळा लागू दे. तुला राजापूरला नेतो."

त्या थंडीत तिचे फार हाल झाले. रात्र रात्र पाठ टेकत नसे. कण्हायचीसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. पण सकाळी चहा घेताना न चुकता विचारायची, "आवं, उन्हाळा कवा लागतो?" मला वाटायचं, थंडी सोसत नाही म्हणून विचारते. संक्रांत गेली. शिमगा आला त्या दिवशी तर मी होळीकडे फिरकलोच नाही, दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिलो. तिनं पोळीचा घास घेतला आणि मलाच विचारलं, "असं काय बघताय? माझं तोंड काय पहिल्यांदा बघताय व्हय?" पाडवा झाला, उसाला पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या, आणि वैशाखात एके दिवशी ती म्हणाली, "आता न्या. लागला उन्हाळा."

मी जीप सांगायला निघालो तर तिनं अडवलं. बंद गाडीत तिला मळमळायचं. तिला मोटारसायकलवरच जायचं होतं, मोकळ्या वाऱ्यात. पुण्याहून लेकीनं फोनवर मला फैलावर घेतलं, "आण्णा, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का?" ठिकाणावर नव्हतंच. पहाटे सुमनला मागं बसवलं आणि तिच्याच एका जुन्या मऊ लुगड्यानं माझ्या कमरेशी बांधून घेतलं. एवढ्या वर्षांत ती कितीदा माझ्या मागं बसली असेल. तेव्हा गाडी मागून दबायची आणि मी चेष्टेत म्हणायचो, टायरचा जीव जातोय. त्या पहाटे गाडी दबलीच नाही. मागं माणूस आहे की नुसतं लुगडं, हेच कळेना. कराडपर्यंत माझे डोळे वाहत होते आणि वाऱ्यामुळे पाणी येतंय असं मी स्वतःलाच समजावत होतो.

उंडाळे मागं पडलं, शेडगेवाडी आली, कोकरूडला वारणा ओलांडली. थांबत थांबत चाललो होतो. झाड दिसलं की सावलीला गाडी लावायची, तिला उतरवून आडवी करायची, घोटभर पाणी द्यायचं. अणुस्कुरा घाटात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खाली कोकण धुरकट पसरलेलं. एका वळणावर तिनं करवंदं मागितली. रस्त्याकडेच्या जाळीतून तोडून दिली, तर दोनच खाल्ली आणि बाकीची पदरात बांधून ठेवली. त्या घाटात मी आयुष्यात पहिल्यांदा खरी प्रार्थना केली. प्रार्थना कसली, हुकूमच तो. हिला बरी कर. मी कधी काही मागितलं नाही, आता हे एवढं दे. पुढं काय म्हणायचं ते माहीत नव्हतं म्हणून तेच तेच म्हणत राहिलो, प्रत्येक वळणावर.

गंगेच्या ठिकाणी पोचलो आणि माझा अवसानघात झाला. कुंडं कोरडी ठणठणीत. तळाला वाळकी पानं आणि धूळ. चिटपाखरू नाही. जांभ्या दगडाच्या पायरीवर सुमनला टेकवलं आणि मी कुंडाच्या काठावर उभा राहून मोठ्यानं ओरडलो, काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात झाडू घेतलेली एक बाई पलीकडच्या कुंडातून वर आली. साठीची असेल, नेसूचं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. ती रागावली नाही. शांतपणे म्हणाली, "गंगा नाय आली अजून. ती काय आपल्या सांगण्यानं येते?" मी म्हणालो, लांबून आलोय, साताऱ्याकडून, बायको आजारी आहे, एका तुमच्याकडच्या म्हातारीनंच सांगितलं होतं, राजापूरला उन्हाळ्यात आंघोळ घाला म्हणून. बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग सुमनकडे. "मग उन्हाळ्यात नाय गेलात?"

"आवो, उन्हाळाच चाललाय की!" मी चिडून म्हणालो.

"तो नव्हे हो. उन्हाळे गाव! खाली, ऊन पाण्याचा झरा आहे तिथला. बारा महिने वाहतो."

पुणे म्हटलं की पुण्यात, तसं उन्हाळे म्हटलं की उन्हाळ्यात. आम्हा घाटावरच्या माणसांना उन्हाळा एकच ठाऊक, घाम काढणारा. म्हातारीनं गावाचं नाव सांगितलं होतं आणि मी ऋतू ऐकला होता. दिवाळीतच आणता आलं असतं. ती सगळी थंडी, त्या भिंतीकडे तोंड केलेल्या रात्री, तो ठणका, हे सगळं माझ्या एका शब्दाच्या घोटाळ्यानं तिच्या वाट्याला आलं होतं. मी खाली बसलो. तोंड दाखवायला जागा राहिली नाही असं वाटलं. आणि सुमन हसायला लागली. किती महिन्यांनी हसली ती! पाठ धरून हसली. म्हणाली, "बरं झालं, उंडाळ्यात उतरवलं न्हाई मला."

त्या बाईनं झाडू ठेवला आणि आमच्याबरोबर खाली आली. झऱ्याचं पाणी कढत, वाफाळतं, गंधकाच्या वासाचं. बायकांची आंघोळीची सोय भिंतीआड, तिथं मला जाता येईना आणि सुमनला तर एकटीनं उभंही राहवत नव्हतं. मी काही बोलायच्या आत बाईनं तिच्या कमरेत हात घातला, "चल गो बाय," म्हणाली आणि तिला आत घेऊन गेली. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बाई विचारत होती, म्हातारीनं सांगितलेलं तुमच्या लक्षात कसं नाही आलं. सुमन पुन्हा हसली. मग तिचा आवाज खाली आला, पण मला शब्द न शब्द ऐकू आला.

"बाई, ते चुकलं त्येच बरं झालं. डाक्टरनं ह्यास्नी शिमग्याचा वायदा दिला व्हता. मला सांगितलं न्हाई ह्यांनी, पर मी दाराआडनं ऐकलेलं. तवाच मी हातपाय गाळलं असतं. पर हे म्हणालं, उन्हाळ्यात राजापूरला न्यायचं. म्हटलं, मग उन्हाळ्यापतूर थांबाय पायजे की. म्हणून थांबले बघा."

भिंतीपलीकडे पाणी पडायचं थांबलं होतं. "आता लय दमले मी," ती म्हणाली. "जायाचं भ्या न्हाई वाटत. पर ह्यो माणूस मला सोडतच न्हाई." आणि ती रडायला लागली. सगळ्या दुखण्यात एकदाही रडली नव्हती, ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. थोड्या वेळानं पाणी पुन्हा हळूहळू पडू लागलं.

बाईचं घर जवळच होतं. पडवीत चटई टाकून तिनं सुमनला निजवलं, आणि सुमन झोपली. पाठीवर, सरळ, हातपाय सैल सोडून. एवढ्या महिन्यांत मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती. कुणी म्हणेल गरम पाण्यानं अंग शेकलं, कुणी म्हणेल दमली होती. मला वाद घालायचा नाही. मी उशाशी बसून तिच्या श्वासाकडे बघत होतो आणि घाटातली माझी प्रार्थना आठवून मलाच लाज वाटत होती. मी मागत होतो ते मला हवं होतं. तिला काय हवंय हे विचारलंच नव्हतं. आणि न मागताच आम्हाला एक आख्खा हिवाळा मिळाला होता, तो मी शिक्षा समजून बसलो होतो.

दिवेलागणीला ती जागी झाली. मी म्हणालो, "मी ऐकलं." तिनं विचारलं, "समदं?" मी मान हलवली. ती पडवीच्या आढ्याकडे बघत म्हणाली, "बरं झालं. दोघं चोरून एकच वझं उचलत व्हतो." दुसऱ्या दिवशी निघताना मी त्या बाईच्या पाया पडायला वाकलो, तर ती मागं सरली. "माझ्या कसल्या पाया पडता? पाणी त्या झऱ्याचं."

गावी परतल्यावरचे दिवस आमच्या संसारातले सगळ्यात मोकळे दिवस होते. ठणका पुन्हा आला, पण आता ती भिंतीकडे तोंड करत नव्हती. कोणती साडी कुणाला द्यायची हे तिनं सांगितलं, मला भाकरी थापायला बसवलं आणि माझ्या भाकरीला भारताचा नकाशा म्हणाली. मी दिवा लावू लागलो. ती खाटेवरून बघायची. मागायला काही उरलं नव्हतं, म्हणून नुसता बसायचो.

ज्येष्ठातल्या एका दुपारी मी तिचं डोकं मांडीवर घेऊन चमच्यानं पाणी पाजत होतो. दोन चमचे घेतले आणि तिनं तोंड मिटलं. मग माझ्याकडे बघून, शेजारीपाजारी बसून उठताना आपण विचारतो ना, अगदी तशी म्हणाली, "येऊ का वं?" माझ्या ओठावर तेच जुनं आलं होतं, गप बस, कुठं जातीस. ते कुणी मागं ओढून घेतलं मला माहीत नाही. ते माझं बळ नव्हतं, एवढं मी जाणतो, आणि त्याबद्दल रोज दिव्यापुढे हात जोडतो. मी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणालो, "ये."